परदेशात उकडीचे मोदक
गणेशचतुर्थी बहुधा कामाच्या दिवशीच येते, तेव्हा सारण आदल्या रात्रीच करून ठेवा. गोठवलेला खवलेला नारळ पूर्ण वितळू द्या आणि मुठीत घट्ट पिळा. पाणी राहिलं की सारण सैल होतं आणि मोदक वाफेवर फुटतो. 2 वाट्या नारळाला 1 वाटी गूळ पुरे. आंबेमोहराची पिठी नसेल तर थाई दुकानातलं साधं तांदळाचं पीठ घ्या, तेही बारीक असतं. शेजारचं चिकट तांदळाचं पाकीट चुकून उचलू नका, नुसत्या त्या पिठाचे मोदक बसतात. चमचाभर मिसळलं तर मात्र पाकळ्या चिरत नाहीत. वाटीभर पिठीला वाटीभर उकळतं पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकड गरम असतानाच मळा. 10-12 मिनिटं वाफवा.