घरच्या वायफायची राखण
राउटर बसवून देणारा माणूस पुष्कळदा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवून जातो, आणि तो क्रमांक निम्म्या सोसायटीकडे असतो. म्हणून प्रथम राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये उघडावा आणि सेटिंगमध्ये शिरण्याचा मूळ पासवर्ड बदलावा. हा आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे असतात, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. त्यानंतर सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ (वायफायवरून जाणारी माहिती सांकेतिक करून जपणारी पद्धत), किंवा जुनी उपकरणे ते स्वीकारत नसतील तर त्याआधीचे डब्ल्यूपीए२-एईएस निवडावे. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. फणस, जिना, पितळ, उंबरा असे असंबद्ध शब्द रोमन लिपीत जोडले, तर तो घरच्यांच्या लक्षात राहतो आणि इतरांना सहसा ओळखता येत नाही.

डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून, पासवर्डाविना उपकरण जोडण्याची सोय) मात्र आठवणीने बंद करावे. त्याचा पिन ८ अंकी असला, तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. नेटवर्कचे नाव लपवण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो, कारण ते साध्या साधनांनीही दिसते. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करावे, आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव आढळल्यास पासवर्ड लगेच बदलावा.