गाणं राखाडी झालंय? लगेच व्हीपीएन शोधू नका

गाण्यांच्या ॲपमध्ये प्लेलिस्टमधलं गाणं राखाडी दिसतं, दाबलं तरी वाजत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय, शोधायला लागतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

गाण्याचे हक्क देशागणिक दिले जातात. त्यातही रेकॉर्डिंगचे एकाकडे, शब्द-चालीचे दुसऱ्याकडे. एका देशापुरता करार संपला की गाणं फक्त तिथून उतरतं. पण म्युझिक कंपनीचं आणि ॲपचंच फिसकटलं, तर ते सगळीकडून जातं. मग देश बदलून काय हाती लागणार? म्हणून आधी तेच गाणं नावाने शोधा. अल्बममधली प्रत गेलेली असते, पण सिंगल म्हणून आलेली किंवा एखाद्या संकलनातली प्रत मजेत वाजत असते. स्पॉटिफाय पुष्कळदा अशी दुसरी प्रत आपणहून लावतं, पण दर वेळी नाही.

व्हीपीएनचा उलटा घोळही होतो. ऑफिसच्या कामासाठी लावलेलं व्हीपीएन चालूच राहतं, ॲपला तुम्ही भलत्याच देशात दिसता आणि कालपर्यंत वाजणारी गाणी गायब होतात. आधी ते बंद करून बघा. मुद्दाम वापरणार असाल, तर स्पॉटिफायच्या नियमांत प्रादेशिक बंधनं चुकवायला मनाई आहे, हे ठाऊक असू द्या.

परदेशी गेल्यावरची चूक वेगळी. स्पॉटिफायचं फुकट खातं दुसऱ्या देशात १४ दिवसच चालतं. ते अडलं की लोक नवं खातं काढतात आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट जुन्यातच राहतात. तिथेच मुक्काम असेल, तर आहे त्याच खात्याचा देश बदला. प्रीमियमला ही मुदत नाही. ॲपलचं प्रकरण जास्त किचकट: देश बदलण्याआधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते, वर्गणी रद्द करून तिची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. हे निघण्याच्या आदल्या रात्री होत नाही.

डाउनलोडवरही फार विसंबू नका. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, आणि हक्क गेलेलं गाणं डाउनलोड केलेलं असलं तरी वाजायचं थांबतं. ती फाइल तुमची नसतेच. एखादं गाणं हवंच असेल, तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी मिळतंय का पाहा. तिथे विकत घेतलेली एमपी३ किंवा फ्लॅक फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते.