लॉगबुकचं ॲप घेताना

धुळ्याला विमान शिकायला आलेली पोरं विचारतात, ‘सर, लॉगबुकसाठी, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंद ठेवायला, कुठलं ॲप घेऊ?’ मी आधी त्यांचा फोन बघतो. लॉगटेन हे लॉगबुकचं ॲप फक्त ॲपलवर चालतं. अँड्रॉइडवाल्याचा विषय तिथेच संपला.

मग चाचणी आवृत्तीत दोन खोट्या नोंदी टाका. सकाळी ६:३० ला निघालात, ७:४५ ला उतरलात. यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ०१:०० ते ०२:१५ दिसलं पाहिजे. आता पहाटे ५ चं उड्डाण टाका. वेळ २३:३० आणि तारीख आदल्या दिवसाची यायला हवी. इथे गडबडलं, तर ॲप लगेच काढून टाका.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असतानाचे. ही बेरीज, शिवाय क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारी उड्डाणं) आणि रात्रीचे तास, चटकन वेगळे दिसले पाहिजेत. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) ईजीसीए पोर्टलवरचं ई-लॉगबुक शेजारी उघडा नि रकाने जुळवून बघा.

नेट नसताना नोंद झालीच पाहिजे. (मे महिन्यात आमच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, टॅब असा तापतो की स्वतःच बंद पडतो, नोंद सावलीत जाऊनच करा.) सगळा डेटा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येत नसेल, तर फुकट मिळालं तरी नको. रंगीत नकाशे नि आलेखांसाठी मात्र बापाचे पैसे घालवू नका भो.