झेनमध्ये एस्टीमचं इंजिन किंवा टर्बो बसवताना या चुका टाळा

मारुती झेन १९९३ ची, एस्टीम १९९४ ची. झेनचं ९९३ सीसीचं जी१०बी आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं जी१३बी, दोन्ही सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली चार सिलिंडरची इंजिनं. कार्ब्युरेटरवाल्या झेनची ताकद ५० बीएचपी, तर १९९९ नंतरच्या सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) एस्टीमची ८५. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. हे आकडे एकत्र वाचले की एस्टीमचं इंजिन झेनमध्ये बसवायचा मोह होणारच, आणि हा बदल आपल्याकडे बरीच वर्षं होतही आला आहे.

तरीही अर्ध्यावर सोडलेल्या झेन गॅरेजच्या मागच्या बाजूला धूळ खात उभ्या दिसतात. इंजिन आत उतरवायला एक-दोन दिवस पुरतात. काम अडतं ते वायरिंगपाशी, पेट्रोलच्या लाइनपाशी, रेडिएटरपाशी आणि आरटीओत. इंजिनाला जेवढे पैसे मोजाल, निदान तेवढेच या बाकीच्या कामांसाठी बाजूला काढून ठेवा.

आधी गाडी उघडली, मग कागद आठवले

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ माहितीशी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजाराच्या जागी तेराशे सीसी आलं की इंजिन नंबर बदलतो आणि क्षमताही. म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करा आणि उत्तर लेखीच घ्या.

या सगळ्या झेन आता पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत. आरसीचं नूतनीकरण करताना फिटनेस तपासणी होते, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला जातो, इंजिन नंबर ताडून पाहिला जातो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअरही पहिल्यांदा तेच बघतो. परवानगी मिळत नसेल तर ही गाडी फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी ठेवा; रस्त्यावर चालवायच्या झेनला तिचंच इंजिन नीट रीबिल्ड करून द्या. उत्तम बांधलेलं जी१०बीसुद्धा फार गोड चालतं.

नुसतं इंजिन विकत घेतलं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत इंजिन मिळतं, पण सुटं इंजिन घेऊ नका. एकाच गाडीतून पुढच्या गोष्टी एकत्र उचला: इंजिन, ईसीयू (इंजिनाचा संगणक), न कापलेला पूर्ण वायरिंग हार्नेस, सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी, एअर फिल्टरचा डबा, गिअरबॉक्स, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इमोबिलायझरची गाडी असेल तर तिची चावी आणि इमोबिलायझरचा बॉक्सही सोबत घ्या. ईसीयू चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू देत नाही, आणि ही जोडी नंतर जुळवणं महाग पडतं. जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि पक्कं बिल न देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. चोरीच्या गाडीचा नंबर तुमच्या बॉनेटखाली आला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

आणखी एक फसगत. जिप्सी आणि व्हर्सातही जी१३ इंजिन आहे, दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून देतो. पण त्या गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं बसतं आणि मागची चाकं फिरतात. त्यामुळे संप (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड (हवा आत आणणारे आणि धूर बाहेर नेणारे पाइप) आणि माउंटिंगची मांडणी वेगळी असते, आणि झेनमध्ये ते इंजिन आडवं बसवताना निम्मे भाग पुन्हा शोधावे लागतात.

पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली असू द्या. निरोगी इंजिनात साधारण १४ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर), म्हणजे २०० पीएसआयच्या आसपास आकडा येतो. १२ किलोच्या खाली गेलेला किंवा दोन सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक दाखवणारा माल सोडून द्या. थंड इंजिनात आकडे थोडे कमी येतात, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेतच. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत बोट फिरवा. काळा, डांबरासारखा थर लागला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट बदला. वॉटर पंप बेल्टच्या मागे असतो. आज वाचवलेले दीड-दोन हजार पुढे तीच सगळी उघडझाप पुन्हा करायला लावतात.

शाफ्ट आणि माउंटिंगचा अंदाज डोळ्यांनी घेतला

इंजिन जागेवर आल्यावर माउंटिंगचे ब्रॅकेट आधी फक्त टॅक वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या तात्पुरत्या वेल्डिंगने) धरा. मग गाडी जॅकवर घेऊन चाकं पूर्ण खाली लोंबू द्या: शाफ्ट आतल्या जॉइंटमधून सुटायला येता कामा नये. नंतर चाकाखाली जॅक लावून सस्पेन्शन पूर्ण वर दाबा: शाफ्ट आत टेकता कामा नये. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून हेच पुन्हा बघा. बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मातीचे गोळे ठेवून बॉनेट बंद करा; गोळा १५ मिलिमीटरपेक्षा पातळ दबला तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन हलून बॉनेटला लागेल. पक्कं वेल्डिंग यानंतरच.

वायरिंग: बहुतेक गाड्या इथेच मरतात

सर्वांत मोठी चूक म्हणजे एस्टीमचा हार्नेस कापून झेनच्या वायरींना पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं. चार महिन्यांत, पहिल्याच पावसाळ्यात, टेपखाली तांबं हिरवं पडतं आणि गाडी अधूनमधून बंद पडायला लागते. असा दोष शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. इंजिनाचा हार्नेस अखंड ठेवा. झेनच्या बाजूला जोडायच्या वायरी मोजक्याच असतात: बॅटरीचा कायम प्लस, इग्निशनचा प्लस, स्टार्टर, फ्युएल पंप, चेक इंजिनचा दिवा, टेम्परेचरचा काटा, फॅन, एसीचा सिग्नल आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी). सोल्डर करा, वर चिकट आवरणाची हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

अर्थकडे फार कमी जण लक्ष देतात. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या हव्यात, आणि जिथे बोल्ट लागतो तिथला रंग खरवडून काढलेला हवा. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ कच्चा आहे. मग सेन्सर खोटं बोलतात आणि माणूस उगाच एकामागून एक सेन्सर बदलत बसतो.

ईसीयूला वेगाचा सिग्नलही लागतो. जुन्या झेनचा स्पीडोमीटर केबलवर चालतो. सिग्नल न जोडता सोडलात तर गाडी थांबतेय हे ईसीयूला कळत नाही आणि चौकातल्या सिग्नलला येता येता इंजिन बंद पडतं. एस्टीमचाच गिअरबॉक्स सेन्सरसकट घ्यायचा तो यासाठीही.

पेट्रोलची लाइन

कार्ब्युरेटरचा पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) दाब देतो. एमपीएफआयला अडीच ते तीन बार लागतो. कार्ब्युरेटरची टाकी ठेवून बाहेरून पंप लटकवण्यापेक्षा एमपीएफआय झेनचीच टाकी आतल्या पंपासह बसवा. रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) असेल तर तीही हवी. होज इंजेक्शनच्या दाबाचाच घ्या. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगून तडकतं.

फ्युएल पंपाचा प्लस थेट इग्निशनच्या चावीवरून देऊ नका. पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ईसीयूनेच चालवावा. चावी फिरवली की पंप साधारण दोन सेकंद चालून थांबतो, आणि इंजिन बंद पडलं तर ईसीयू त्याला थांबवतो. थेट जोडलेला पंप अपघातात होज तुटल्यावरही गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ओतत राहतो. या एका वायरीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

थर्मोस्टॅट काढून टाकला

‘गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाक’ हा सल्ला प्रत्येक नाक्यावर मिळतो. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) एमपीएफआयला तो घातक आहे. पाणी तापलंच नाही तर ईसीयूला इंजिन थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज कोसळतं. थर्मोस्टॅट चांगला नवा बसवा आणि रेडिएटर एस्टीमच्या मापाचा घ्या. बोअरच्या पाण्याने आत खपली धरते, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं वापरा. भरताना गाडीचा पुढचा भाग वर करा, हीटर गरमवर ठेवा आणि हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावू नका.

ब्रेकबद्दल थोडक्यात: ८० ऐवजी १२० च्या वेगाने गाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवर सव्वादोन पट ऊर्जा येते.  एस्टीमचे पुढचे ब्रेक हा बदल इंजिनाआधी करा.

यावर टर्बोही हवा असेल तर

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप; तो बसवणं म्हणजे नुसतं नळ्या जोडण्याचं काम, हे आधी डोक्यातून काढा. एस्टीमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) नऊ ते साडेनऊच्या दरम्यान, आणि ईसीयू हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून) घेतो. हा सेन्सर साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) सुरू झाला की हवा वाढते, पण ईसीयूला ती दिसत नाही. मिश्रण पातळ होतं, स्पार्क आहे तिथेच लवकर पडत राहतो. मग मिश्रण भलत्या वेळी फुटून ठोके येतात, जे एक्झॉस्टच्या आवाजात ऐकूही येत नाहीत, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते.

मूळ पिस्टनवर ०.३ ते ०.४ बारच्या पुढे जाऊ नका. त्यासाठीसुद्धा ट्यून करता येणारा ईसीयू, मोठ्या दाबाचा मॅप सेन्सर, पुरेसे इंजेक्टर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) हवं. बूस्टखाली हवा-पेट्रोल प्रमाण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान ठेवा आणि प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घेऊन सुरुवात करा. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा; ऑक्टेन जितका जास्त, तितके ठोके कमी.

भंगारातला डिझेलचा छोटा टर्बो स्वस्तात मिळतो, पण डिझेलचा एक्झॉस्ट ७५०-८०० अंशांच्या आसपास असतो, पेट्रोलचा पूर्ण थ्रॉटलला ९०० च्या वर जातो. त्या तापमानाला त्याचं टर्बाइन हाउसिंग तडकू शकतं.

नवीन टर्बोतून निळा धूर आला की लोक सील खराब म्हणतात. बहुतेक वेळा दोष ऑइलच्या परतीच्या नळीचा असतो. ती निदान १२ मिलिमीटर आतून मोकळी, कुठेही वर न चढणारी आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. इथे ऑइल दाबाने येत नाही, स्वतःच्या वजनाने खाली पडतं. वाट अडली की ते सीलमधून बाहेर येणारच.

चालू केल्यावर काय बघायचं

पहिल्यांदा पंपाचा फ्यूज आणि प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. मग प्लग लावा.

स्टार्टर फिरतो पण गाडी पकडत नाही: चावी दिल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर ईसीयूला करंटच नाही, पंप आणि प्लग उघडू नका. दिवा लागून लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरकडे वळा.

आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) वर-खाली होतं: मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि मॅप सेन्सरची बारीक नळी तपासा. आयडल ठीक, पण तीन हजार आरपीएमच्या वर गाडी अडखळते: पेट्रोलचा दाब चालत्या गाडीत मोजा, उभ्या गाडीत तो नेहमी चांगलाच दिसतो.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला तापमान उतरतं, तर फॅन किंवा त्याचा रिले. हायवेलाच तापते, तर रेडिएटर तुंबलेला किंवा लहान. दोन्हीकडे तापून होज दगडासारखा कडक होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि झाकण गरम असताना उघडू नका.