खाणीचा पैसा गावात कसा आणायचा

गोव्यातल्या डिचोली, सांगेतलं खनिज बार्जने (मालवाहू होडीने) गेलं आणि आमच्या विहिरीत लाल गाळ राहिला, कळशी रात्रभर ठेवली तर तळाला चिखल बसतो. म्हणून हे कराच. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज फाउंडेशन, म्हणजे खाणग्रस्तांसाठीचा निधी, आलं, लिलावातल्या खाणींनी रॉयल्टीच्या (खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या) १० टक्के आणि जुन्या लीजवाल्यांनी ३० टक्के त्यात भरायचे, आणि तो पैसा खाणग्रस्तांचाच आहे, कुणाचे उपकार नाहीत. आधी १० रुपये भरून आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, या निधीतून आपल्या पंचायतीला किती मंजूर, किती खर्च ते विचारा. मग ग्रामसभेत ठराव लेखीच द्या, नुसतं ओरडून काय होत नाही. पिण्याचं पाणी, आरोग्य, शाळा आधी मागा, ती प्राधान्याची कामं. मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) ठराव आला का बघा, सही-शिक्क्याची कॉपी मागून घ्या.