ईसीजी काढताना वय आणि लिंग आधी भरा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने घणसोलीला उतरून मी ईसीजी टेक्निशियन म्हणून कामाला लागले, तेव्हा सगळं लक्ष लीड (छातीला आणि हातापायांना लावायच्या तारा) बरोबर लागल्यात का यावर असायचं. वय आणि लिंग हे रकाने मला रिसेप्शनचं काम वाटायचं.

दुसऱ्याच महिन्यात ६८ वर्षांच्या आजी आल्या. तीन दिवस जुलाब-उलट्या. गडबडीत मशीनवर आधीच्या पेशंटचीच माहिती राहिली: पुरुष, ३४. क्यूटी म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विद्युतदृष्ट्या उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ; क्यूटीसी म्हणजे तोच वेळ, ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला. क्यूटीसी छापून आला ४३६ मिलिसेकंद, मी पट्टी फाडून दिली. माझ्या वरिष्ठ मॅडमनी ती उजेडाकडे धरली. "टी कुठे संपते, बोट ठेवून दाखव." टी लहर, म्हणजे क्यूटी जिथे संपतो ती ठोक्याच्या शेवटची लहर, इतकी बसकी होती की मशीनने तिचा शेवट खऱ्या जागेच्या अलीकडेच धरला होता. लीड २ या आलेखात हाताने मोजलं, तर क्यूटी ११ छोटे चौकोन. एक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४४०. दोन ठोक्यांमधलं अंतर २० चौकोन, ०.८ सेकंद. बॅझेटच्या सूत्राप्रमाणे क्यूटीला ०.८ च्या वर्गमुळाने भागलं, आलं ४९२. पुरुषात ४५० आणि बाईत ४६० च्या पुढे सावध व्हायचं. ५०० ओलांडलं की टॉर्साद या जीवघेण्या तालाची भीती बरीच वाढते.

बाईसाठी आकडा वेगळा का, ते मॅडमनी त्याच दुपारी सांगितलं. लहानपणी मुलगा-मुलगी जवळपास सारखेच. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचा क्यूटी आखडतो, मुलींचा तसाच राहतो. म्हणून औषधाने ताल बिघडण्याचा धोका बायकांना जास्त. उतारवयात किडनी मंदावते, गोळ्या वाढतात. आजींना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक होतं, उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन होतं, आणि जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं; या तिन्हींनी क्यूटी लांबतो.

आपण अभ्यासात लाँग क्यूटी सिंड्रोम शिकतो, तो एखाद्याच जनुकातला मोठा, दुर्मिळ बिघाड. पण धडधाकट माणसांतही बारीक जनुकीय फरक असतात. २००६ मध्ये एनओएस१एपी जनुकाजवळ असा एक सापडला, पुढे बरेच. एकेकाने क्यूटी जेमतेम काही मिलिसेकंद सरकतो. असे बरेच एकाच माणसात एका बाजूला जमले, त्यात बाई, त्यात वय, त्यात गोळी, की ठोक्यानंतर विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्याची हृदयाची राखीव ताकद पुरत नाही. "हीच गोळी मीही घेतली, मला नाही काही झालं," असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा ते खरंच बोलत असतात.

म्हणून इलेक्ट्रोड चिकटवता चिकटवताच विचारा: कुठल्या गोळ्या चालू आहेत? कधी पोहताना किंवा अलार्मच्या आवाजाने शुद्ध हरपली होती का? घरात तरुणपणी अचानक कुणी गेलं का? उत्तर पट्टीवर पेनाने लिहा.

आजींची दोन्ही औषधं थांबवली, सलाईनमधून पोटॅशियम दिलं. तिसऱ्या दिवशी नाव, वय, लिंग भरून मी पुन्हा पट्टी काढली. ठोके तेवढेच. क्यूटी १० चौकोन, क्यूटीसी ४४७.