जर-तर उलटं केलं की काय होतंय: व्यत्यास समजून घ्यायची सोपी रीत

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या पोरांना व्यत्यास म्हटलं की घाम फुटतोय, खरं तर त्यात एकच काम आहे, 'जर'च्या पुढचं आणि 'तर'च्या पुढचं अदलाबदल करायचं, बास. अवघड भाग नंतर येतोय.

आपल्या रस्त्यावरचंच घ्या की. 'जर गाडीचा नंबर केए २२ असेल तर पासिंग कर्नाटकचं आहे.' हे खरं. आता उलटा, 'जर पासिंग कर्नाटकचं असेल तर नंबर केए २२ आहे.' चिकोडीची केए २३ गाडी दारात उभी राहिली की हे खोटं पडलं, एकच उदाहरण पुरतंय, दहा शोधत बसू नका. आणि हे पण बघा, पासिंग कर्नाटकचं नसेल, म्हणजे कोल्हापूरची एमएच ०९ गाडी असेल, तर नंबर केए २२ नसणारच. इथं अदलाबदल पण केली आणि दोन्हीकडं 'नाही' पण लावलं, त्याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात, मूळ खरं असेल तर हे कायम खरं. पोरं व्यत्यास आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह ह्या दोघांत गोंधळ घालतात आणि मार्क घालवतात.

'तर' आणि 'तरच' पण नीट वाचा. 'पास असेल तरच आत सोडणार' ह्याचा अर्थ जो आत गेला त्याच्याकडं पास होता, पास आहे म्हणून आत सोडतीलच असं कुठं म्हटलंय? एका 'च'नं कशावरनं काय ठरतंय ती दिशाच फिरली. दोन्हीकडनं खरं असेल तेव्हा 'तर आणि तरच' लिहायचं.

आता आमच्या गल्लीतले मिस्त्री पाया आखताना काय करतात सांगतो, कोपऱ्यापासनं एका दोरीवर ३ फुटावर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटावर, आणि मधलं अंतर टेपनं बरोबर ५ भरलं की म्हणतात कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. सगळे म्हणणार हे पायथागोरस. नव्हं! प्रमेय काटकोनापासनं सुरू होतंय आणि बाजूंवर येतंय, मिस्त्री बाजूंपासनं सुरू करून काटकोनावर येतात, म्हणजे ते व्यत्यास वापरतात. तो खरा आहे म्हणून घर सरळ उभं राहतंय, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतोय, युक्लिडनं पण त्याच्या 'एलिमेंट्स' ह्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ४७ व्या विधानात प्रमेय आणि ४८ व्यात त्याचा व्यत्यास असं वेगवेगळंच केलंय.

सगळीकडं असं नशीब नसतंय. खोली आयताकृती असेल तर दोन्ही कर्ण सारखे, बरोबर, म्हणून काहीजण नुसते कर्ण मोजून मोकळे होतात, पण पुढनं रुंद आणि मागं सारखंच दोन्हीकडनं निमुळतं होत गेलेल्या प्लॉटचे कर्ण पण सारखेच भरतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते मोजा आणि मग कर्णाला टेप लावा.